खुनाचा तपास आणि शेजारधर्म

‘न संपणारी गोष्ट’ हा यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी सांगितला, तेव्हा मला आधी रहस्यकथांच्या मालिका आठवल्या. खून होतो, संशय चार जणांवर फिरतो, शेवटच्या प्रकरणात खुनी सापडतो आणि गोष्ट मिटते. पुढच्या महिन्यात तोच गुप्तहेर नव्या प्रेतापाशी हजर. वाचकही तोच. या मालिकांमध्ये मला सर्वांत ओढ आहे ती हौशी गुप्तहेराची. त्याच्या अंगावर खाकी नाही, हातात वॉरंट नाही, कुणी त्याला बोलावलेलं नाही. तरी तो विचारत राहतो, हा माणूस मेला कसा?

असा हौशी गुप्तहेर एकाच वस्तीत वर्षानुवर्षं राहतो आणि त्याची मालिका मराठीत चालते, असं धरलं तर ती वस्ती कोणती असेल? हा प्रश्न मनात धरून मी ठाकुर्लीला गेलो. डोंबिवली आणि कल्याण या दोन मोठ्या स्टेशनांच्या मधलं हे लहान स्टेशन. इथे धीम्या लोकलच थांबतात. डोंबिवलीसारखी सभा-संमेलनांची ख्याती ठाकुर्लीला नाही, कल्याणसारखा किल्ल्या-बंदराचा इतिहासही नाही. पण माणसं एकमेकांना किती ओळखतात आणि किती ओळखत नाहीत, हे तपासायला याहून चांगली जागा मला सुचली नाही. रहस्यकथेचं सगळं भांडवल तेच असतं.

महिन्याला दोन खून

मराठीतल्या मालिकांची गोष्ट बाबुराव अर्नाळकरांपासूनच सुरू करावी लागते. त्यांचं मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९३६ ते १९८४ या काळात त्यांच्या १,०९२ रहस्यकथा पुस्तकरूपानं आल्या, अशी नोंद गिनेस बुकात झाली. भागाकार करून पाहिला तर अठ्ठेचाळीस वर्षं, दर महिन्याला जवळजवळ दोन पुस्तकं. झुंजार, त्याची विजया आणि नेताजी. काळा पहाड म्हणून वावरणारा चंद्रवदन. धनंजय आणि छोटू. एका पिढीला ही नावं घरच्या माणसांसारखी तोंडपाठ होती.

हा वेग पेलणारी एक व्यवस्था होती आणि ती वाचनालयाच्या फळीवर उभी होती. ही पुस्तकं विकत घेऊन कपाटात ठेवण्यापेक्षा भाड्यानं आणून वाचली जात. पातळ पुस्तक, स्वस्त कागद, भडक मुखपृष्ठ, रोजचं किरकोळ भाडं. एक दिवस उशीर झाला तर भाडं वाढायचं, म्हणून पुस्तक रात्रीत संपायला हवं, आणि रात्रीत संपेल एवढंच ते जाडही असायचं. घरात एकानं आणलेलं पुस्तक चौघे वाचत. परत करायला गेलं की वाचनालयवाल्याला विचारायचं, झुंजारचं नवीन आलं का? वाचक पुस्तकाचं शीर्षक क्वचितच सांगायचा, नायकाचं नाव सांगायचा. मालिका तगते ती या एका सवयीवर. ओळखीचा माणूस आधीच ठरलेला असतो, नवं असतं ते फक्त प्रेत.

या पट्ट्यात वाचनालयांची परंपरा जुनी आणि भक्कम आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. डोंबिवलीत पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे राहिले, पुंडलिक पै यांची फ्रेंड्स लायब्ररी वाढली आणि २०१७ साली नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. पण ज्या पुस्तकांनी इथल्या चाळींत वाचायची सवय लावली, त्यांना प्रतिष्ठेच्या कपाटात जागा क्वचितच मिळाली. भाड्याच्या प्रती हाताळून हाताळून फाटत, मागचं मुखपृष्ठ गळे, शेवटचं पान हरवे. मग त्या रद्दीत जात. म्हणून हजारावर पुस्तकांच्या लेखकाची सलग फळी आज कुठे पाहायला मिळणं दुर्मीळ झालं आहे. हे आपलं नुकसान आहे आणि ते आपणच करून घेतलं आहे.

वेषांतर केलं, शेजार केला नाही

अर्नाळकरांच्या नायकांकडे आज पाहिलं की एक गोष्ट ठळक दिसते. त्यांची ताकद धाडसात आहे. ते वेष बदलतात, भुयारात उतरतात, गाडीचा पाठलाग करतात, ऐनवेळी पिस्तूल काढतात. पुढे गुरुनाथ नाईकांनीही शेकड्यांनी पुस्तकं लिहिली. त्यांचे कॅप्टन दीप आणि मेजर अविनाश भोसले तर नावातच लष्करी हुद्दा घेऊन आले. सुहास शिरवळकरांचा अमर विश्वास फौजदारी वकील आहे. या सगळ्यांनी मराठी वाचकाला भरभरून दिलं. पण यातला कुणीही आपल्या मजल्यावर राहणारा वाटत नाही. शेजाराच्या सर्वांत जवळ जातो तो भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला बनेश फेणे सायकलवर फिरतो, खोलीतल्या मित्रांशी भांडतो आणि मोठ्यांना जे दिसत नाही ते पाहतो. पण त्याचं जग किशोरांचं आहे, खुनाच्या वाटेला ते फारसं जात नाही.

इंग्रजीत अगाथा ख्रिस्तीनं हे काम एका म्हातारीवर सोपवलं. मिस जेन मार्पल. लग्न न केलेली, विणकाम करणारी, सेंट मेरी मीड नावाच्या खेड्यात राहणारी. १९३० साली तिची पहिली कादंबरी आली, शेवटची १९७६ साली, ख्रिस्तीच्या मृत्यूनंतर. एकूण बारा कादंबऱ्या. मार्पलबाई कधी धावत नाहीत, कुणाला धरत नाहीत. त्यांच्या समोर अनोळखी माणूस आला की त्यांना गावातलं कुणीतरी आठवतं. कुणी मासळीवाल्याच्या पोरासारखा खोटं बोलतो, कुणी जुन्या मोलकरणीसारखी नजर चुकवते. एवढ्याशा गावात माणसाच्या लोभाचे आणि भीतीचे सगळे नमुने त्यांनी पाहून ठेवले आहेत. त्यांचा तपास म्हणजे सत्तर वर्षांचा शेजार.

आणखी एक मालिका आपल्या अगदी उंबऱ्याशी घडली आणि तिची आपल्याला पुरेशी आठवण नाही. बंगाली गुप्तहेर ब्योमकेश बक्षीचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय १९३८ साली चित्रपटांच्या पटकथा लिहायला मुंबईत आले, बॉम्बे टॉकीजमध्ये काम केलं आणि १९५२ पासून पुण्यात स्थायिक झाले. ब्योमकेशच्या पहिल्या कथा १९३२ पासूनच्या, कोलकात्याच्या. मग पंधरा वर्षं त्यांनी त्याला हातच लावला नाही. वाचकांनी पुन्हा मागणी केल्यावर १९५१ च्या सुमारास ते त्याच्याकडे परतले, आणि नंतरच्या बऱ्याच कथा पुण्यात बसून लिहिल्या. कोलकात्यातल्या भाड्याच्या खोल्या, मेसमधले शेजारी, एकाच जिन्यावरून चढणारी सहा कुटुंबं हे सगळं त्यांनी पुण्यातून, आठवणीच्या बळावर उभं केलं. ब्योमकेश बत्तीस पूर्ण कथांत येतो. तो लग्न करतो, बाप होतो, वय वाढतं. बासू चटर्जींनी १९९३ साली दूरदर्शनवर रजित कपूरला घेऊन त्याची मालिका केली, तेव्हा मराठी घरांनीही तो आपला मानला.

चोळेगावापासून नव्वद फुटी रस्त्यापर्यंत

ठाकुर्ली स्टेशनाच्या पूर्वेला उतरलं की चोळेगाव लागतं. मूळचं आगरी वस्तीचं गाव. देऊळ, जुन्या घरांच्या अरुंद वाटा, त्यांच्या अंगाला चिकटून वाढलेल्या तीन-चार मजली इमारती. तिथून पुढे नव्वद फुटी रस्ता, त्यावर उंच संकुलं, फाटकं, रखवालदार, कॅमेरे. आणि रेल्वेच्या जमिनीवर ठाकुर्लीचं तिसरं रूप. इथे जीआयपी रेल्वेनं १९२९ च्या सुमारास कोळशावर चालणारं वीजकेंद्र उभारलं, ते चोळा पॉवर हाऊस. घाटातून पुण्याकडे जाणाऱ्या विजेच्या गाड्यांना इथून वीज जायची. केंद्र बंद पडून काही दशकं झाली. त्याच्याभोवतीच्या रेल्वे वसाहती, साहेबांसाठी बांधलेला बारा बंगला आणि डोंबिवलीच्या बाजूची बावन्न चाळ ही नावं मात्र रिक्षावाल्यांच्या तोंडी अजून आहेत.

हौशी गुप्तहेराच्या नजरेनं पाहिलं तर या तीन वस्त्यांत तीन प्रकारची माहिती साठलेली आहे. गावात वंशावळी माहीत असतात. कुणाची जमीन कुणाच्या नावावर चढली, कुठल्या भावांत बोलणं नाही, कुठल्या लग्नाला कोण गेलं नाही. रेल्वेच्या चाळीत वेळा माहीत असतात. कोण कुठल्या पाळीला जातो, कुणाचा डबा किती वाजता भरतो, रात्रपाळीवरून येणाऱ्याच्या बुटांचा आवाज कुठला. संकुलात नोंदी असतात. कोण किती वाजता आत आलं, गाडीचा नंबर काय, कुठल्या फ्लॅटनं पार्सलवाल्याला वर पाठवायला सांगितलं. पण नोंदीच्या वहीत नाव असतं, नातं नसतं. पाचव्या मजल्यावरच्या बाईंचा भाऊ दर रविवारी येतो आणि गेले दोन रविवार आला नाही, हे वही सांगत नाही. ते सांगते घरकाम करणारी बाई.

गावातल्या एका आजींपाशी मी हा विषय काढला. ‘तुमच्या गल्लीत कोण आलं-गेलं ते तुम्हाला कळतं का हो, आजी?’ त्या म्हणाल्या, ‘पूर्वी कळायचं. आता भाडेकरू वर्षाला बदलतात. नाव पाठ होईस्तोवर सामान टेम्पोत.’ अकरा महिन्यांचा करार या भागात शेजाराला मुरूच देत नाही.

शेजाराच्या माहितीची खरी किंमत संकटात कळते. २८ जुलै २०१५ च्या रात्री इथली मातृकृपा इमारत कोसळली आणि नऊ माणसं गेली. असं काही घडलं की ढिगाऱ्याखाली कोण आहे आणि कोण त्या दिवशी गावी गेलेलं होतं, याची यादी कुठल्याच सरकारी कागदावर नसते. ती शेजाऱ्यांकडे असते. मेलेल्या माणसाबद्दल पहिला खरा पुरावा शेजारीच देतात, मग मृत्यू अपघाताचा असो की घातपाताचा.

पंच म्हणून कोण येतं

आपल्याकडे सामान्य माणसाला खुनाच्या तपासात स्थान नाही असं वाटतं. कायदा वेगळं सांगतो. संशयास्पद मृत्यू झाला की पोलीस आधी अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पोलीस ठाण्याच्या भाषेत ‘एडीआर’. मग प्रेताचा पंचनामा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ त्यासाठी आहे. आधी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये होती. हा पंचनामा त्या परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमोर व्हावा असं कायदा म्हणतो. अंगावरच्या जखमा, मोडलेली हाडं, खरचटल्याच्या खुणा लिहायच्या, त्या कशानं झाल्या असाव्यात ते लिहायचं, आणि खाली पंचांनी सही करायची. म्हणजे मृतदेहापाशी पोलिसांबरोबर शेजारी उभा असावा, ही कल्पना कादंबरीकारांची एकट्याची नाही. ती संहितेतच लिहून ठेवलेली आहे.

प्रत्यक्षात पंच मिळवणं अवघड जातं. सकाळची आठची गाडी पकडायची असते. पंच झालं की पुढे कधीतरी समन्स येणार, कल्याणच्या न्यायालयात तारखेला जावं लागणार, रजा खर्ची पडणार, समोरचा वकील उलटतपासणी करणार. आरोपी गल्लीतलाच असेल तर प्रश्न आणखी नाजूक. म्हणून कितीतरी खटल्यांत पंच फितूर होतात. सही आपली, पण आपल्याला काही दाखवलं नव्हतं, असं कोर्टात सांगतात. त्यामागे दर वेळी पैसाच असतो असं नाही. वर्षानुवर्षं त्याच जिन्यावरून चढायचं-उतरायचं असतं.

रुळांवरच्या मृत्यूंचा हिशेब तर वेगळाच. तो लोहमार्ग पोलिसांकडे जातो. खिशात पास नसेल, मोबाईल फुटला असेल, तर माणूस बेवारस ठरतो आणि त्याचा फोटो फलकावर लागतो. कपड्यावरच्या शिंप्याच्या खुणेवरून, गळ्यातल्या ताइतावरून, हातावर गोंदलेल्या नावावरून ओळख शोधली जाते. हे काम कुठल्याही रहस्यकथेइतकं बारकाईचं आहे आणि ते रोज चालतं. ओळख पटवायला शेवटी लागतो तो त्याला पाहिलेला दुसरा माणूसच.

सुनेवरचा संशय

हौशी गुप्तहेर ही निव्वळ कल्पना आहे का? रजनी पंडित यांचं उदाहरण आपल्या समोर आहे. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात वाढलेल्या, पुढे खासगी गुप्तहेर म्हणून देशभर नाव झालेल्या या बाईंची सुरुवात कार्यालयातल्या गप्पांतून झाली. त्यांनी मुलाखतींतून सांगितलेली हकीकत अशी. बरोबर काम करणाऱ्या एका बाईंच्या घरी चोरी झाली होती. घरच्यांचा संशय नव्या सुनेवर होता. रजनीताईंनी घरातल्या माणसांच्या येण्या-जाण्यावर पाळत ठेवली, आणि चोर निघाला घरातलाच धाकटा मुलगा.

एका खुनाच्या प्रकरणात तर त्या संशयित बाईच्या घरी मोलकरीण म्हणून सहा महिने राहिल्या. निर्णायक बोलणं कानावर पडलं तेव्हा बाहेर पडायला निमित्त हवं होतं. त्यांनी स्वतःच्या पायावर सुरी पाडून घेतली आणि दवाखान्यात जाते म्हणून जाऊन निरोप दिला, असं त्या सांगतात. काळ्या पहाडाच्या तोडीचं हे वेषांतर आहे. फरक इतकाच की काम झालं ते स्वयंपाकघरात, भांडी घासताना.

खासगी गुप्तहेरांना परवाना देणारा कायदा आपल्याकडे आजही नाही. २००७ साली राज्यसभेत विधेयक मांडलं गेलं, त्याचा कायदा झाला नाही. कायद्यानं व्यवसाय म्हणून ओळख न दिल्यानं या क्षेत्रातला प्रत्येक जण एका अर्थानं हौशी आणि व्यावसायिक यांच्या मधोमध उभा असतो.

पण मला त्या पहिल्या चोरीत जास्त अर्थ दिसतो. शेजार माहिती पुरवतो, आणि शेजारच घाईनं निकालही देतो. नवी सून, परप्रांतीय भाडेकरू, एकटी राहणारी बाई, रात्री उशिरा येणारा तरुण. गल्लीचं बोट आधी यांच्याकडे वळतं. चांगला हौशी गुप्तहेर शेजाऱ्यांचं सगळं ऐकून घेतो, त्यातली माहिती ठेवतो आणि निकाल बाजूला काढतो. मार्पलबाईंचं हेच कौशल्य आहे, ब्योमकेशचंही. पोलिसांना हे जमत नाही असं नाही, पण त्यांना हे शेजाराबाहेरून करावं लागतं. आतून करणारा माणूस वेगळा लागतो, कारण त्याला दुसऱ्या दिवशीही त्याच माणसांत राहायचं असतं.

इतके खून एका गावात?

लांबलेल्या मालिकेला एक जुनं दुखणं आहे. एवढ्याशा गावात इतके खून होतात कसे? ‘मर्डर, शी रोट’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका १९८४ ते १९९६ अशी बारा मोसम चालली, २६४ भाग झाले. तिची नायिका, लेखिका जेसिका फ्लेचर, कॅबट कोव्ह नावाच्या किनाऱ्यावरच्या छोट्या गावात राहते. इतकी प्रेतं त्या गावाला पेलवेनात, तेव्हा लेखकांनी तिला प्रवासाला पाठवलं. ख्रिस्तीनंही मार्पलबाईंना कॅरिबियन बेटावर नेलं, लंडनच्या हॉटेलात उतरवलं. वय हे दुसरं दुखणं. मार्पलबाई १९३० मध्येही म्हाताऱ्याच होत्या. निवेदक हे तिसरं. ब्योमकेशच्या कथा त्याचा मित्र अजित सांगायचा. शरदिंदुंनी पुढे त्याच्याकडून ते काम काढून घेतलं, त्याची भाषा जुनाट झाली असं कारण देऊन.

ठाकुर्लीसारख्या जागेला यातली पहिली अडचण येणार नाही. स्टेशनावर संध्याकाळी उभं राहिलं की कळतं, दर गाडीतून नवे लोक उतरतात. पुनर्विकासात इमारती रिकाम्या होतात, कुटुंबं विखुरतात, वर्षांनी परत येतात तेव्हा शेजारी बदललेले असतात. वारसाहक्क, मोकळ्या जमिनी, बिल्डरांचे करार, बेकायदा मजले, परदेशी गेलेली मुलं आणि इथे एकटे राहणारे आईवडील. खुनाला कारणं लागतात, ती इथे सात-बाराच्या उताऱ्यापासून सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपर्यंत पसरलेली आहेत. वयाचंही सोपं आहे. रेल्वेतून निवृत्त झालेली एखादी बाई, बावन्न चाळीत वाढलेली, आता नव्वद फुटी रस्त्यावरच्या सातव्या मजल्यावर राहणारी. गावातली माणसं तिला आईकडून माहीत, चाळीतली स्वतःकडून, संकुलातली कामवाल्या मावशींकडून. महिलांच्या डब्यात तीस वर्षं उभ्यानं प्रवास केलेली. तिला पिस्तूल नको. तिच्याजवळ या तिन्ही वस्त्यांच्या किल्ल्या आहेत.

अशी नायिका घेऊन मराठीत कुणी मालिका लिहावी, असं मला मनापासून वाटतं. एक पुस्तक लिहून ही गोष्ट होणार नाही. शेजार एका पुस्तकात उभा राहत नाही. पहिल्या पुस्तकात नुसता दार उघडणारा दुसऱ्यात साक्षीदार होईल, तिसऱ्यात संशयित, आणि पाचव्यात त्याच्याच मृत्यूचा तपास करताना वाचकाला खरोखर वाईट वाटेल, कारण तोवर तो वाचकाचाही शेजारी झालेला असेल. अर्नाळकरांनी नायकाशी ओळख टिकवून हजार पुस्तकांचा वाचक बांधला. वस्तीशी ओळख टिकवून तो बांधायचं काम मराठीत अजून उरलेलं आहे.

या मालिकेची गरज करमणुकीपुरती नाही. बंद दारामागे माणूस मरून पडतो आणि दुर्गंधी सुटल्यावर कळतं, अशा बातम्या आपण आता सवयीनं वाचतो. पंचनाम्याला उभं राहायला माणूस मिळत नाही, हेही आपण सवयीनं ऐकतो. हौशी गुप्तहेर या दोन्ही सवयींच्या विरुद्ध उभा असतो. शेजारचा माणूस कसा मेला हे मला कळायला हवं आणि त्यासाठी कुणावर खोटा आळ येता कामा नये, एवढा साधा हट्ट त्याच्यापाशी असतो. हा हट्ट पुस्तकातून पुन्हा पुन्हा वाचला गेला, तर पुढच्या वेळी पोलीस जिन्यात उभे राहून ‘पंच म्हणून कोण येतं?’ असं विचारतील तेव्हा एखादं दार उघडायची शक्यता वाढेल. ती वाढवणारं लेखन मराठीला हवं आहे, आणि त्याचा माल ठाकुर्लीपासून कल्याणपर्यंत प्रत्येक जिन्यावर तयार आहे.